पाच वाट्या

कढईच्या बुडाला राहिलेलं कोरड्यास चपातीनं पुसून घ्यायचं, हे माझं रात्रीचं जेवण. लग्न होऊन वाळवा तालुक्यात आले तेव्हापासून अठरा वर्षं मी अशीच जेवत होते. त्यात काही चुकतंय, असं कधी मनातही आलं नाही. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, जन्मभर तशाच जेवल्या होत्या. आधी पोरं, मग गडीमाणूस, मग आम्ही दोघी.

माझं माहेर माणदेशातलं, म्हसवडजवळचं. पाऊस बेताचाच. रानात शाळू, बाजरी, मटकी, हुलगा. रात्री हुलग्याचं माडगं, सकाळी भाकरी आणि कारळ्याची चटणी. चार सरी पडल्या की आजी बांधावरून तांदुळजा, कुरडू, पाथरी ओट्यात भरून आणायची. ते आम्हाला गरिबीचं खाणं वाटायचं. म्हणून कृष्णाकाठचं स्थळ आलं तेव्हा घर हरखून गेलं. बारमाही पाणी, ऊस, पोरीचं भलं होईल!

सासरी खरंच काही कमी नव्हतं. रोज चपाती, भात, दिवसातून चारदा साखरेचा चहा. पण रान सगळं उसाखाली, बांधही तणनाशकानं जळालेले. बांधावरची भाजी कुणाला ठाऊकच नव्हती. आठवडी बाजारातून आणलेली भाजी चार दिवसांत संपायची. पुढं बटाटा नाहीतर पातळ आमटी. त्या आमटीतली डाळही वाढता वाढता वर-वर संपायची आणि तळाला आमच्यासाठी पाणी राहायचं.

2022 च्या सप्टेंबरात, पोषण महिन्यात, अंगणवाडीत रक्ततपासणी होती. मी गेले ती मुलीसाठी. चौदा वर्षांची पोर, शाळेतून आली की आडवी व्हायची. तिचं हिमोग्लोबिन 10.1 निघालं. माझं 8.6. सोबतीला आलेल्या आत्यांना आशाताईंनी बळंच खुर्चीत बसवलं. त्यांचं 7.4. बाईला निदान 12 हवं. आत्यांना लगोलग ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, आम्हा मायलेकींना लोहाच्या गोळ्या मिळाल्या. धास्तावून ह्यांनी आणि मुलानंही रक्त तपासून घेतलं. ह्यांचं 14.2, मुलाचं 13.8.

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. एकाच चुलीवर शिजलेलं आम्ही पाच जण खात होतो. मग रक्त एवढं वेगळं कसं?

उपकेंद्रातल्या नर्सताईंनी ते उलगडून सांगितलं. मोठ्या बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला 19. महिन्याच्या महिन्याला रक्त जातं, बाळंतपणं होतात, म्हणून बाईची गरज जवळजवळ दीडपट. ज्या माणसाला सगळ्यात जास्त लागतं, त्याच्याच ताटात आम्ही उरलेलं वाढत होतो. त्यातही शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह, हुलग्यात आठाच्या वर, तर पांढऱ्या तांदळात एकसुद्धा नाही. माहेरी ज्याची लाज वाटायची ते माडगं मला त्या दिवशी फार आठवलं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांना रक्तक्षय आढळला, हेही तेव्हाच कळलं. आमचं घर एकटं नव्हतं.

रात्री आईला फोन केला. तिच्या चुलीजवळ म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी चालू असते, 90.4 वर. गावातल्याच बायका आपल्या बोलीत बोलतात, म्हणून तिला ते सगळं पटतं. ती म्हणाली, "आगं, रेडिवोवर बी त्येच सांगत्यात. बाईनं आधी न्हाय तर न्हाय, निदान समद्यांच्या संगट जेवावं." जतकडच्या माझ्या नणंदेनंही जालिहाळच्या येरळावाणी रेडिओवर रक्तवाढीचं असंच काही ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाजी शिजली तशी मी पाच वाट्या मांडल्या आणि कढईतली सगळी भाजी त्यात सारखी ओतली. कढई रिकामी. आत्या बघतच राहिल्या. "आगं, पोरानं परत मागितली तर?"

"तर आपल्या पाचांच्या घरात भाजी कमी शिजतीय असं समजायचं, आत्या. उद्या जास्त शिजवू."

"आन् मी ताटाला बसल्यावर वाढणार कोण?"

मुलगा म्हणाला, "मी वाढतो, आजी."

त्या बसल्या, पण घास उतरेना. सगळ्यांच्या आधी उठल्या. मला राग आला नाही, पोटात तुटलं. साठ वर्षांची सवय होती ती. भुकेपेक्षा मोठी.

भाजी जास्त शिजवायची तर आणायची कुठून? उमेद अभियानातून आमच्या बचत गटाला परसबागेची माहिती मिळाली होती. आम्ही अकराजणींनी मनावर घेतलं. मोरीच्या सांडपाण्यावर तांदुळजा, मेथी, चाकवत, कडेला शेवगा, कुंपणावर दोडका. मी माहेराहून हुलगा, मटकी आणि अंबाडीचं बी आणलं. जिची भाजी जास्त निघेल तिनं शेजारी द्यायची, असं ठरलं. आठवड्यातले चार दिवस भाकरी आली. मटकीला मोड आणून वर लिंबू पिळायचं, कारण आंबटानं लोह अंगी लागतं. चहा जेवणापासून तासभर लांब ठेवला, कारण चहानं ते वाया जातं. 2024 च्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारसूचनांतही हे आहे. सगळ्यात जड गेला तो चहाच. जेवल्याबरोबर घोट घेतल्याशिवाय आत्यांना चैन पडायची नाही.

सहा महिन्यांनी मुलीचं 12.3 झालं, माझं 11.9, आत्यांचं 10.8. गोळ्यांचा आणि औषधांचा त्यात मोठा वाटा, हे मला ठाऊक आहे. पण गोळ्या संपल्यावरही आकडा खाली घसरला नाही, तो वाट्यांमुळं, असं मी मानते.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. वाट्या भरून झाल्या आणि दारात ह्यांचे मामा उभे. आधी असं झालं की पाहुण्याला माझी नाहीतर आत्यांची वाटी जायची, न बोलता. मी सवयीनं माझी वाटी उचलली. आत्यांनी माझा हात धरला. फडताळातून सहावी वाटी काढली, एकेका वाटीतून एक-एक पळी शेवग्याची भाजी तीत घातली, ह्यांच्यातूनही, नातवाच्यातूनही. मग सहाही वाट्या समोर सरळ लावल्या, कमी-जास्त झाली का ते वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "चला, बसा समदी."

आणि स्वतः सगळ्यांच्या आधी पाट ओढून बसल्या.