वाया गेलेला मुलगा

आमच्या पुतण्यानें परवां घरांत जाहीर केलें कीं, यापुढें आपण फुटबॉलच खेळणार. पदवीचें पुढें पाहतां येईल. जो हलकल्लोळ व्हावयाचा तो झाला, आणि त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगण्याचें काम दादांनीं माझ्यावर सोपविलें. मला आर्थर व्हॉर्टनची आठवण झाली. खेळापायीं वाया गेलेल्या मुलाचें याहून ठसठशीत उदाहरण कोठें मिळणार?

आर्थरचा जन्म १८६५ चा, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अक्रा येथला. वडील मेथॉडिस्ट मिशनरी. मुलगाहि त्याच वाटेनें जावयाचा, म्हणून तो इंग्लंडांत शिकावयास आला. पण डार्लिंग्टनच्या कॉलेजांत धर्मशास्त्राचे धडे गिरवावयाचे टाकून हा मैदानाकडे वळला. १८८६ सालीं लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर त्यानें शंभर यार्ड बरोबर दहा सेकंदांत तोडले आणि धांवण्याचें अजिंक्यपद मिळविलें. असल्या पायांचा माणूस फुटबॉलमध्यें मात्र गोलरक्षक! मला या गोष्टीची अजूनहि गंमत वाटते.

पैसे घेऊन खेळण्यास इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनें १८८५ सालींच मान्यता दिली होती. प्रेस्टन नॉर्थ एंडबरोबर आर्थर १८८७ सालीं एफ्. ए. चषकाच्या उपांत्य सामन्यापर्यंत पोहोंचला. मग धांवण्याच्या नादानें त्यानें तो संघ सोडला, आणि १८८८-८९ च्या हंगामांत त्याच प्रेस्टननें लीगमध्यें एकहि सामना न हरतां लीग व चषक दोन्ही पटकावले! येथें मीं मुद्दाम थांबून पुतण्याकडे पाहिलें. तो निर्विकार होता.

पुढची हकीकत उतरणीची. १८८९ पासून रॉदरहॅम टाउनचा पगारी खेळाडू. १८९४ सालीं शेफील्ड युनायटेड, पण तेथें धिप्पाड फोकच्या मागें राखीव म्हणून बसणें आलें. १८९५ च्या फेब्रुवारींत संडरलंडविरुद्ध तो खेळला, आणि लीगच्या पहिल्या वर्गांत उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून आज त्याची नोंद आहे. त्या काळच्या कांहीं पत्रकारांना मात्र त्याच्या खेळाहून त्याचा वर्णच लिहिण्याजोगा वाटला. १९०२ सालीं स्टॉकपोर्टला खेळ संपला. मग कोळशाची खाण. यॉर्कशायरमधील एडलिंग्टनच्या खाणींत तो गाड्यांवर मजुरी करीत असे. १९३० च्या डिसेंबरांत वारला. थडग्यावर नांवाचा दगड बसला तो १९९७ सालीं, लोकांनीं खटपट केली तेव्हां.

२००३ सालीं इंग्लिश फुटबॉलच्या मानकऱ्यांत त्याचा समावेश झाला, २०१४ सालीं पुतळाहि उभा राहिला, हें मीं प्रथम सांगणार नव्हतों. पण अर्धें सांगणें मला बरें वाटेना. शिवाय खाणींत उतरणाऱ्या म्हाताऱ्याला त्या पुतळ्याचा काय उपयोग झाला, हेंहि मीं विचारलें.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. माझ्या बोलण्याचा परिणाम झाला असें मला वाटलें.

"काका, खेळायला सुरुवात केली तेव्हां तो किती वर्षांचा?"

"असेल एकोणीस-वीस."

त्यानें बोटांवर हिशेब केला. "आणि छत्तिसाव्या वर्षापर्यंत खेळत होता?"

त्याच्या तोंडावर निव्वळ हेवा होता. मीं आंत जाऊन वहिनींना सांगितलें कीं, माझ्याच्यानें झालें तेवढें मीं केलें.