दोन म्हाताऱ्या आणि एक बजेट

"काय रे, मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, कुठली घेऊ?"

२०२३ च्या सुट्टीत मी काकांकडे इंग्लंडला, कॉव्हेंट्रीला गेलो होतो. चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच काकांनी दोन फोटो पुढ्यात टाकले. मला वाटलं, कुणाची तरी स्थळं आली! पण निघाल्या दोन गाड्या. एक १९७८ ची एमजीबी, दुसरी त्याच सालची ट्रायम्फ स्पिटफायर १५००. दोघी दोन सीटच्या, कापडी टपाच्या. काका नुकतेच रिटायर झाले होते आणि काकूंनी बजेट मंजूर केलं होतं: सहा हजार पौंड, म्हणजे साधारण सहा लाख रुपये. दुरुस्तीसकट!

दोन्ही मॉडेलं १९६२ साली बाजारात आली आणि १९८० साली बंद झाली. एमजीबी ॲबिंग्डनची, स्पिटफायर कॉव्हेंट्रीतल्याच कॅनलीची. १९६८ पासून दोघी ब्रिटिश लेलँडच्या एकाच घरात नांदल्या. जावा-जावाच म्हणा ना!

मी लगेच वहीत तक्ता आखला. (इंजिनिअर दुसरं काय करणार?) एमजीबीचं इंजिन १७९८ सीसी, क्रँकशाफ्टला पाच मेन बेअरिंग. स्पिटफायर १४९३ सीसी, बेअरिंग तीनच. एमजीबीचे सुटे भाग मुबलक, अगदी कोरी बॉडीसुद्धा मिळते. स्पिटफायरच्या बाजूने एकच मोठा मुद्दा होता, तो म्हणजे काम करायची सोय. मडगार्डसकट अख्खं बॉनेट पुढे उलटतं, चाकावर बसून इंजिन खोला! क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स आतून, सीटच्या बाजूने निघतो. एमजीबीला त्यासाठी इंजिनच उचलावं लागतं. तरी बेरीज एमजीबीच्या बाजूने झाली. मी निकाल जाहीर केला. काका "बरं" म्हणाले आणि गप्प बसले.

रात्री काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "अरे, आजोबांची हेरल्ड आठवत नाही ना तुला? कशी आठवेल, तुझा बाबाच तेव्हा लहान होता."

मग सगळं कळलं. मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड आजोबांनी १९७९ साली विकली होती, काकांच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी. स्पिटफायर म्हणजे त्याच हेरल्डची चासी आखूड करून बनवलेली गाडी! बॉनेट उलटण्याची पद्धतही तीच, आणि दोघींचा डिझायनरही एकच, इटलीचा मिकेलोत्ती. तसं पाहिलं तर एमजीबीचं इंजिनही आपल्या ॲम्बॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनाच्या घराण्यातलं. पण काकांचं मन कुठे अडकलंय ते उघड होतं.

"मग स्पिटफायरच घेऊ दे ना," मी म्हणालो.

"घेऊ दे, पण नीट बघून. ती दारात बंद पडून राहिली तर त्यांची गाडी दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल."

आता माझी झोप उडाली. चार सेमिस्टरमध्ये मी एकदाही खऱ्या इंजिनला हात लावला नव्हता.

शनिवारी आधी एमजीबी पाहिली. लाल रंग, चकचकीत! काकांनी खिशातून लोहचुंबक काढून दाराखालच्या सिलला लावला. तो टपकन खाली पडला. म्हणजे आत पत्रा नव्हताच, लांबी होती. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यात वर टप नाही, म्हणजे वाकण्याचा सगळा ताण या सिलवर. एसओएमच्या पेपरात मी हा बीम दहा वेळा सोडवला होता, पण गंजलेला बीम पहिल्यांदाच पाहिला. पाच बेअरिंगचं कौतुक तिथेच संपलं.

मग स्पिटफायर. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण खाली चासी ठणठणीत आणि सिललाही चुंबक चिकटला. काकांचे डोळे चमकले. मी म्हटलं, "काका, तुम्ही क्लच दाबा." मी पुढे क्रँकशाफ्टच्या पुलीकडे बघत बसलो. क्लच दाबला की पुली पुढे सरकत होती. या इंजिनाचा हा जुना रोग. क्रँकशाफ्टला पुढे-मागे हलू न देणारे अर्धचंद्रासारखे थ्रस्ट वॉशर झिजतात. ते गळून पडले तर शाफ्ट थेट ब्लॉकवर घासतो आणि ब्लॉक भंगारात जातो.

काकांचा चेहरा पडला. मला हेरल्ड दिसत होती, पण काकूंचं वाक्यही कानात होतं. मालकाला विचारून डायल गेज लावला. (मेट्रॉलॉजीच्या सरांना मनातल्या मनात नमस्कार!) हालचाल मर्यादेपेक्षा जास्त होती, पण थोडीच. म्हणजे वॉशर बहुधा जागेवर होते. खात्री मात्र संप उघडल्याशिवाय नाही.

"घ्या," मी म्हणालो. आयुष्यात इतका छोटा शब्द इतका घाबरून कधी उच्चारला नव्हता.

मालक पाच हजार मागत होता, दोष दाखवल्यावर चार हजार दोनशेला तयार झाला. पुढच्या रविवारी आम्ही संप उतरवला. वॉशर पातळ झाले होते, पण जागेवर होते. ब्लॉक शाबूत! खालूनच नवे बसवले. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले, काकूंनी दारातच अडवलं.

पहिल्या फेरीला काकांनी गाडी कॅनलीवरून नेली. काही बोलले नाहीत. घरी आल्यावर बॉनेट उलटलं आणि बराच वेळ नुसते बघत उभे राहिले. मी हळूच आत निघून गेलो.

वहीतला तो तक्ता अजून माझ्याकडे आहे. आकडे सगळे बरोबर आहेत. फक्त गाडीखाली न वाकता लिहिलेले आहेत.

– अंतिम वर्ष, मेकॅनिकल