नाव पुरं होण्याआधी

नावांतल्या चुका लिहितानाच दाखवणाऱ्या माझ्या एडिटरचा कोड गेल्या वर्षी एका तरुण सहकारिणीच्या हाती सोपवला, आणि मी बाजूला ठेवलेला प्रश्न तिने लगेच उकरून काढला.

एपिक्स हे मोठ्या यंत्रणांच्या नियंत्रणाचं सॉफ्टवेअर. त्याच्या डेटाबेस फाइलमध्ये रेकॉर्डचं नाव तपासणं सोपं वाटतं. लांबी ६० अक्षरांपर्यंत, मधे मोकळी जागा नको, टिंब नको, कारण टिंबापुढे फील्ड सुरू होतं. हे कुणीही दुपारभरात लिहील. माझी सगळी झटापट डॉलर-कंसाशी आहे. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या साच्यात, नाव पुरतं लिहिलेलंच नसतं. उपसर्ग मॅक्रो म्हणून येतो आणि त्याची किंमत मागाहून भरली जाते. पक्क्या नावात डॉलर निषिद्ध, आणि साच्यात त्याच्यावाचून पान हलत नाही. लाल रेघ ओढावी तर लोक वैतागून तपासणीच बंद करतात. सोडून द्यावं तर चूक आयओसी, म्हणजे ही फाइल चालवणारा प्रोग्राम, सुरू करताना, रात्रपाळीवाल्याच्या गळ्यात.

मी तिसरं उत्तर काढलं: अजून सांगता येत नाही. साच्यातली ठाम अक्षरं मोजायची आणि मॅक्रोंसाठी किती उरली ते दाखवायचं. ठाम भाग ४७ असेल तर उरली १३. माझ्या एडिटरने बरोबर नावावर कधी खोटा आळ घेतला नाही, याचा मला फार गर्व आहे. खरं सांगायचं तर लोकांना त्याचा उपयोग किती होतो, यापेक्षाही जास्त. दुसऱ्या कुणाचा एडिटर पाहताना त्याला चकवेल असं नाव मी मनातल्या मनात रचू लागतो.

“सर, सबस्टिट्यूशन फाइल शेजारीच आहे, ती का नाही वाचायची?” तिने विचारलं आणि वाचायला लावलीही. मॅक्रोंच्या किमती त्याच फाइलीत असतात, म्हणून आता मॅक्रो भरून झालेलं नाव दिसतं. पण एकच टेम्प्लेट अनेक ओळींतून भरलं जातं. बाकी सगळीकडे नाव बसतं आणि एकाच ओळीत ६१ अक्षरं होतात. रेघ कुठे ओढायची? ती म्हणते, त्या ओळीवर. माझ्या मते टेम्प्लेटवर, कारण पुढच्या माणसाला जागा ठेवणं हे साचा लिहिणाऱ्याचं काम.

एपिक्सच्या ३.१३ आवृत्तीत २८च अक्षरं मिळायची. तेव्हा नाव विचार करून ठेवावं लागे. आता एक्सेलमधून पाडलेली लांबलचक नावं येतात. कारखान्यातले नियंत्रक प्रोग्राम करणारे पीएलसीवाले आम्हाला ढिले म्हणतात. त्यांच्या आयईसी ६११३१-३ या मानकात सलग दोन अंडरस्कोअर चालत नाहीत, लहान-मोठं अक्षर एकच धरतात. मला ते पटत नाही. एपिक्सवरच चालणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या चॅनेलांची नावं पाहा: हॅनफर्डचं एच१, लिव्हिंगस्टनचं एल१, मग कोलन, मग उपप्रणाली. ही शिस्त सॉफ्टवेअरने लादलेली नाही, माणसांनी पाळलेली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होते आहे. तिथे अशी नावं लिहायला बसणाऱ्यांच्या हाती चांगला एडिटर असावा, असं मला मनापासून वाटतं.

सध्या आमचा वाद दुबार नावांवर आहे. एकाच आयओसीत तेच नाव रेकॉर्डच्या त्याच प्रकाराने पुन्हा आलं, तर दुसऱ्या व्याख्येतली फील्डं मुकाट पहिलीवर चढतात. काहींना तेच हवं असतं. प्रकाराच्या जागी चांदणी टाकली असेल तर हेतू उघड आहे. नसेल तिथे पिवळी रेघ हवी, असं ती म्हणते. जुन्या फाइलींमध्ये मुद्दाम केलेल्या दुरुस्तीलाही चांदणी नसते. म्हणून मी अजून होकार दिलेला नाही.