दोन सेकंदांत उभा, अर्ध्या तासात घडी

पोंगलच्या सुट्टीत मी मुलाला घेऊन चेन्नईला ताईकडे गेले होते. भावजींनी जाहीर केले, "या वेळी हॉटेल नाही, तंबूत राहायचं!" ऑफिसातल्या मित्राकडून त्यांनी एक तंबू मागून आणला होता. संध्याकाळी गच्चीवर त्यांनी तो गोल पिशवीतून काढून हवेत भिरकावला आणि खाली पडेपर्यंत तो उभाही राहिला. मुलांनी टाळ्या पिटल्या.

खरी गंमत पुढे होती. घडी घालायला बसलो तर एक बाजू दाबावी, तो दुसरी उसळी मारून वर यायची. अर्धा तास भावजी आणि मी त्याच्याशी झुंजत होतो. शेवटी ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "अरे, पिशवीवर चित्रं छापलीत, ती तरी बघा!" चित्रे पाहिली आणि पाच मिनिटांत तंबू पिशवीत गेला.

भिरकावून उघडणारा हा प्रकार क्वेचुआ या फ्रेंच ब्रँडने २००५ मध्ये लोकप्रिय केला. लवचीक काड्यांची कडी कापडातच बसवलेली असते, त्यामुळे सोडताक्षणी ती फाकते. मोटारीने जाणाऱ्यांना तो उत्तम. पण घडी केल्यावर त्याची परातीपेक्षा मोठी चकती होते. आम्हाला रेल्वेने जायचे होते. भरल्या डब्यात ती चकती ठेवणार कुठे?

म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानात छत्रीसारखा उघडणारा तंबू पाहिला. त्याच्या काड्या वर एका सांध्यात आधीच जोडलेल्या असतात. पाय पसरायचे, सांधे ताणून खटकन बसवायचे, की झाले. चार-पाच मिनिटे लागतात, पण घडीही तितक्याच वेळात होते आणि पिशवी लांबट असल्याने बर्थखाली सरकते. वजन मात्र जास्त. मी तर म्हणेन, दुकानदार तंबू उघडून दाखवतो तेव्हा त्याला थांबवा आणि घडी तुम्ही स्वतः घालून पाहा.

'चार माणसांचा' या शब्दांवर जाऊ नका. चार माणसे खांद्याला खांदा लावून झोपली की तो भरतो, सामानाला जागा उरत नाही. काकू, ताई, मी आणि दोन मुले अशी आम्ही पाच जणे, म्हणून सहा जणांचा घेतला. भावजी ओसरीवर झोपायला आनंदाने तयार झाले. काकूंचे गुडघे दुखतात, तेव्हा दार उंच हवे होते. शिवाय चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. त्यामुळे कापड किती पाणी अडवते तो आकडा पाहिला. निदान १५०० ते २००० मिलिमीटर असावा, शिवणींवर पट्टी असावी आणि तळाचे कापड कडेने वर वळवून शिवलेले असावे.

चेन्नई सेंट्रलहून जोलारपेट्टैपर्यंत रेल्वे आणि पुढे घाटातून येलगिरी. या घाटात चौदा तीव्र वळणे आहेत आणि त्यांना तमिळ कवींची व जुन्या दानशूर राजांची नावे दिलेली आहेत. शाळेत तमिळ शिकणारी माझी भाची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होती. वर सुमारे अकराशे मीटर उंचीवर हवा चांगलीच गार होती.

तंबू कुठेही ठोकावा असे मात्र नाही. मार्च २०१८ मध्ये तेनी जिल्ह्यातल्या कुरंगनीच्या डोंगरात वणव्यात सापडून तेवीस जणांचा जीव गेला. त्यांत चेन्नईहून गेलेले गिर्यारोहकही होते. तेव्हापासून परवानगीशिवाय जंगलात शिरण्याचे नावही आमच्या घरात कोणी काढत नाही. अत्तनावूर गावात एका अतिथीगृहाच्या अंगणात, मालकांना विचारून, आम्ही तंबू लावला. स्वच्छतागृह जवळ होते, आणि काकूंसाठी तीच सर्वांत महत्त्वाची सोय होती.

पहिल्या रात्री पाऊस नव्हता, तरी पहाटे काकूंची चादर ओलसर लागली. मुलाच्या उशीवर तर वरून थेंब पडत होते. भावजी दुकानदाराला दोष देऊ लागले. चूक आमचीच होती. थंडी वाजते म्हणून आम्ही सगळ्या खिडक्या लावल्या होत्या. पाच जणांच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून रात्रभर पाणी होत राहिली, आणि बाहेरचे कापड सैल असल्याने ते आतल्या पडद्याला टेकले होते. काकू दिवसभर शिंकत होत्या. मुलांना हौस म्हणून आपण त्यांना इथे आणले, ही बोच मला आणि ताईला लागून राहिली. "रात्री त्यांना आत खोलीत झोपवू," ताई म्हणाली.

काकू ऐकेनात. दुपारी आम्ही दोऱ्या ताणून बाहेरचे कापड आतल्यापासून वेगळे केले, वरचे झरोके उघडले आणि काकूंच्या अंथरुणाखाली जाड सतरंजी, डोक्याला कानटोपी अशी तयारी केली. पुंगनूर तळ्यावर मुलांना नावेत बसवून परत आलो, जेवलो आणि झोपलो. पहाटे मी आधी काकूंच्या चादरीवर हात फिरवून पाहिला. कोरडी!

परतीच्या गाडीत मुलांनी पुढची सहल समुद्रकाठी ठरवली. तिथे वाळूत खुंट्या धरत नाहीत, पिशव्यांत वाळू भरून पुरून त्यांना दोर बांधावे लागतात, असे भावजी समजावू लागले. काकूंनी त्यांना थांबवले. "ते नंतर. आधी एक छोटं स्टूल घ्या. चपला घालताना धरायला काहीच नव्हतं."