पिठाच्या गिरणीपासून डॅलसपर्यंत

पनवेल, कामोठे, खारघर या पट्ट्यात गेल्या दोन-अडीच दशकांत जी गृहसंकुले उभी राहिली, त्यांतील पुष्कळांच्या आवारात एका कोपऱ्याला बास्केटबॉलचा खांब असतो. संध्याकाळी तेथे मुले चेंडू आपटत असतात. दुकान वाढवून घरी परतणाऱ्या पित्याला त्याचे काही वाटत नाही. मुलगा मोबाइल सोडून मैदानावर आहे, एवढ्यावर तो समाधानी असतो. प्रश्न पडतो तो दहावीनंतर. मुलगा अथवा मुलगी जेव्हा सांगते की, मला हाच खेळ पुढे खेळायचा आहे, तेव्हा व्यापारी घरातून पहिला प्रश्न येतो : खेळून पुढे काय? या प्रश्नाला कोणी संकुचित म्हणू नये. ज्याने आयुष्यभर भांडवल गुंतवून परताव्याची वाट पाहिली आहे, त्याने तो विचारलाच पाहिजे. क्रिकेटबाबत त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक असते. बास्केटबॉलबाबत उत्तर शोधायचे, तर पंजाबातील बल्लोके नावाच्या लहानशा खेड्यात जावे लागते.

त्या खेड्यात बलबीरसिंग भामरा हे शेतकरी राहत. गव्हाची शेती आणि जोडीला पिठाची गिरणी, असा त्यांचा प्रपंच. त्यांची उंची सात फुटांच्या वर. तरुणपणी अनेकांनी त्यांना सांगितले होते की, हे शरीर बास्केटबॉलसाठीच आहे. परंतु वडीलधाऱ्यांना शेतात हात हवे होते आणि परवानगी मिळाली नाही. त्या नकाराला आज दोष देणे सोपे आहे. ज्या घराचे पोट जमिनीवर किंवा पेढीवर अवलंबून आहे, तेथे मोठ्या मुलाला मोकळे सोडणे म्हणजे एक कर्ता माणूस कमी करणे, हे कोणत्याही व्यापारी कुटुंबाला सांगायला नको. बलबीरसिंगांनी मुकाट्याने शेती केली आणि गिरणी चालवली. मनात काय राहिले, ते पुढे त्यांच्या वागण्यातून दिसले.

१० डिसेंबर १९९५ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव सतनाम. मुलाची वाढ पाहता पाहता लक्षात आले की, उंचीच्या बाबतीत हा वडिलांवरच गेला आहे. नऊ-दहा वर्षांचा असतानाच तो मोठ्या माणसांच्या खांद्याला लागला. बलबीरसिंगांनी घरच्या आवारात बास्केट उभारून दिली आणि मग तो निर्णय घेतला जो त्यांच्या वडिलांना घेता आला नव्हता : मुलाला लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत पाठवले. दहा वर्षांच्या आसपासचे मूल घरापासून दूर, वसतिगृहात. तेथे डॉ. एस. सुब्रमण्यम यांच्यासारखे प्रशिक्षक होते. पंजाबातील अनेक उंच मुलांना त्यांनी पायांची हालचाल, चेंडूवरची पकड आणि मुख्य म्हणजे शिस्त शिकवली. सतनामच्या पायाला येतील असे बूट मिळवणे हीसुद्धा तेव्हा एक मोहीमच असे.

बास्केटची कडी जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे दहा फुटांवर असते. १८९१ साली जेम्स नाइस्मिथ यांनी अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला, तेव्हापासून ही उंची बदललेली नाही. सव्वासात फुटांच्या जवळ जाणारा मुलगा हात वर करतो तेव्हा त्याला ती कडी गाठण्यासाठी फारशी उडी लागत नाही. ही निसर्गाने दिलेली देणगी झाली. मात्र देणगी आणि कौशल्य यांत तेवढाच फरक आहे जेवढा वडिलोपार्जित दुकानाची जागा आणि चालणारा धंदा यांत असतो.

२०१० साली, चौदाव्या वर्षी, सतनामला फ्लोरिडातील ब्रॅडेंटन येथील आयएमजी अकादमीची शिष्यवृत्ती मिळाली. भारतातून निवडलेल्या काही मुला-मुलींबरोबर तो अमेरिकेला गेला. इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. अन्न परके, हवा परकी, आणि आईवडील सात समुद्रांपलीकडे. सकाळी व्यायाम, मग वर्ग, मग पुन्हा सराव. त्यातच भाषाही शिकायची. आपल्याकडे मूल बारावीनंतर कोट्याला किंवा पुण्याला गेले तरी आईचा जीव खालीवर होतो. त्या शेतकरी दांपत्याने पाच वर्षे कशी काढली असतील, याचा अंदाज बांधणेच बरे. मधल्या काळात, म्हणजे २०११ मध्ये, चीनमधील वुहान येथील आशियाई स्पर्धेत तो भारताच्या वरिष्ठ संघातून खेळला. तेव्हा त्याला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते.

मग २५ जून २०१५ चा दिवस आला. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक साखळीत तीस संघ आहेत. दरवर्षी ते दोन फेऱ्यांत मिळून सुमारे साठ नवे खेळाडू निवडतात. याला ड्राफ्ट म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील त्या सभागृहात बावन्नाव्या क्रमांकावर डॅलस मॅव्हरिक्स संघाने सतनामसिंगचे नाव घेतले. भारतात जन्मलेला कोणीही खेळाडू यापूर्वी ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता. देशभर बातमी झाली, पुढे त्याच्यावर माहितीपटही निघाला, आणि ज्यांनी कधी हा खेळ पाहिला नव्हता त्यांनीही पेढे वाटावेत असा आनंद झाला.

येथे व्यवहाराची एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण बातम्यांत ती फारशी आली नाही. पहिल्या फेरीत निवडल्या गेलेल्या खेळाडूला हमीचा करार मिळतो. दुसऱ्या फेरीतल्याला तशी हमी नसते. संघाने त्याच्यावर हक्क नोंदवला, एवढाच त्याचा अर्थ. व्यापाऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर हुंडी हाती आली, पण वटली नव्हती. सतनाम उन्हाळी स्पर्धेत मॅव्हरिक्सकडून उतरला आणि नंतर दोन हंगाम टेक्सास लेजेंड्स या दुय्यम साखळीतील संघात राहिला. तेथेही मैदानावर वेळ थोडाच मिळाला. एनबीएच्या मुख्य हंगामातील एकही सामना त्याला खेळता आला नाही.

कारण काय? तो आळशी होता असे कोणी म्हटले नाही. महाविद्यालयीन स्पर्धांचा अनुभव नसताना तो थेट वरच्या पायरीवर गेला, हे एक. दुसरे अधिक महत्त्वाचे : नेमक्या त्याच वर्षी गोल्डन स्टेट वॉरियर्स हा संघ दुरून तीन गुणांचे नेम साधत विजेता ठरला होता आणि सारा खेळच वेगाकडे व लांबच्या नेमाकडे वळत होता. बास्केटखाली ठाण मांडणाऱ्या, उंच पण संथ खेळाडूची मागणी ओसरू लागली होती. माल चोख होता, परंतु तो तयार होईपर्यंत बाजाराने तोंड फिरवले. ज्यांनी एकेकाळी पनवेलच्या भाताच्या व्यापारात भरभराट पाहिली आणि नंतर शेतांच्या जागी इमारती उगवताना पाहिल्या, त्यांना ही गोष्ट अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

त्याच सुमारास एक वेगळी घटना घडली होती. एप्रिल २०१५ मध्ये सिम भुल्लर हा कॅनडात जन्मलेला भारतीय वंशाचा खेळाडू सॅक्रामेंटो किंग्ज संघाकडून एनबीएत उतरला. भारतीय वंशाचा तो पहिला. आणि त्या संघाचे प्रमुख मालक होते मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. २०१३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह तो संघ विकत घेतला. रणदिवे खेळाडू नव्हेत, संगणक क्षेत्रातील उद्योजक. आपल्या मुलीच्या संघाला शिकवता शिकवता ते या खेळात ओढले गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले, ते भारतातील एनबीएचे पहिले सामने. मालकाच्या खुर्चीपर्यंत मुंबईचा माणूस पोहोचला. मैदानावर भारतात वाढलेला खेळाडू अजून पोहोचायचा होता.

सतनाम २०१८ मध्ये कॅनडातील एका संघाकडून खेळला. २०१९ च्या नोव्हेंबरात, दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेच्या तयारीच्या काळात, त्याच्या उत्तेजक चाचणीत हिजेनामिन हा पदार्थ आढळला आणि पुढे दोन वर्षांची बंदी आली. हा पदार्थ काही वनस्पतींत निसर्गतःच असतो आणि व्यायामासाठी विकल्या जाणाऱ्या कित्येक पूरक पावडरींतही असतो. नियम असा आहे की, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. जाणूनबुजून घेतले की नकळत, हा प्रश्न फक्त शिक्षा ठरवताना येतो. आपल्या घरांत पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय बिस्किट आणले जात नाही. घटकांची यादी वाचण्याची सवय पिढ्यांची आहे. व्यायामशाळेतील मित्राने दिलेला डबा मात्र त्याच घरातील मुलगा न वाचता उघडतो. ‘आयुर्वेदिक’ हा शब्द छापला म्हणून त्यातील सर्व काही खेळाडूला चालेलच असे नाही, हे प्रत्येक पालकाने ध्यानी ठेवावे.

बंदीच्या अखेरच्या महिन्यांत, २०२१ मध्ये, सतनामने अमेरिकेतील एका व्यावसायिक कुस्ती संस्थेशी करार केला आणि पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये तो आखाड्यात उतरला. ती कुस्ती आपल्या मातीतल्या कुस्तीसारखी नसते, तो नाट्यमय खेळ असतो. कोणाला हे अधःपतन वाटेल. परंतु हाताशी जे भांडवल उरले त्यावर माणूस नवा व्यवसाय उभारतो, यात कमीपणा मानण्यासारखे काय आहे, ते कळत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर चित्र याहून साधे आहे. २०१५ ते २०१७ या काळात यूबीए नावाची व्यावसायिक साखळी भारतात चालली. तीत मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज असे संघ होते. ती टिकली नाही. म्हणून येथील बास्केटबॉलपटूचा खरा आधार म्हणजे नोकरी : रेल्वे, ओएनजीसी, आयकर खाते, सेनादले, काही बँका. खेळाच्या गुणवत्तेवर नियुक्ती होते, सरावासाठी सवलत मिळते, आणि गुडघा दुखावला तरी महिन्याचा पगार थांबत नाही. पुण्याची शिरीन लिमये याच मार्गाने गेली. ती रेल्वेकडून खेळली आणि भारताच्या कर्णधारपदापर्यंत पोहोचली. जुलै २०१७ मध्ये बंगळूरला महिलांच्या आशिया चषकाच्या दुसऱ्या गटाचा अंतिम सामना झाला, तेव्हा ती त्या संघात होती. समोर कझाकस्तान होते. शेवटच्या क्षणापर्यंत गुणफलक कोणत्याही बाजूला झुकू शकत होता. भारत ७५-७३ असा, अवघ्या दोन गुणांनी जिंकला आणि वरच्या गटात गेला. दुसऱ्या दिवशी बहुतेक वर्तमानपत्रांत आतल्या पानावर त्याची बातमी होती; त्याच महिन्यात भारतीय महिला क्रिकेट संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर हरला होता, आणि देश अजून त्याच सामन्याबद्दल बोलत होता.