पायाळू

कोल्हापूर,
रविवार रात्र

प्रिय छकुले,

दुपारी फोनवर ताईचा आवाज एकदम खाली आला. ‘बाळ पायाळू आहे गं,’ म्हणाली, आणि मग त्याहून हळू, पायाळू माणसावर वीज पडते असं शेजारच्या आजी म्हणाल्याचं सांगितलं. तू पलीकडच्या खोलीत होतीस, पण तुला ऐकू गेलं असणार. म्हणून रात्रीच लिहायला बसले.

वीज माणसाचा जन्म कसा झाला हे बघून पडत नाही. ते मनातून काढून टाक. आणि तुझा आत्ता चौतिसावा आठवडा चालू आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात चार-पाच बाळांमागे एक असंच बूड खाली करून बसलेलं असतं. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच तशी उरतात. बाकीची आपली आपण फिरतात, पुष्कळदा आईला कळतही नाही.

आमचा बंटी फिरला नाही. २००६ साल, तू शाळेत होतीस. कुणी जे जे सांगितलं ते ते मी केलं. सकाळ-संध्याकाळ गुडघे आणि छाती सतरंजीला टेकवून, कंबर वर करून पंधरा पंधरा मिनिटं. निजताना कमरेखाली तीन उशा. पल्सेटिलाच्या गोळ्या. बाळ आवाजाकडे वळेल म्हणून ओटीपोटाशी लावलेला रेडिओ, आणि वर बरगडीखाली त्याचं डोकं टणक लागायचं तिथे गार पाण्याचं फडकं. शेवटी ती धुरी.

धुरीचं तुला सांगते, कारण तूही त्याबद्दलच विचारलं होतंस. ही मूळची चिनी पद्धत. वाळक्या पाल्याची विडीसारखी, पण अंगठ्याएवढी जाड कांडी असते. ती पेटवायची आणि निखारा पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याशी धरायचा, कातडीला न टेकवता, नुसती ऊब लागेल इतका. पाला आपल्या दवण्याच्या कुळातला. चैत्रात जोतिबाला वाहतो, तोच दवणा. त्यामुळे असेल, पण मला त्या कडवट वासाचा फार आधार वाटायचा. तुझे काका दुकान बंद करून यायचे आणि जेवायच्या आधी अर्धा तास माझ्या पायाशी बसायचे. पोटात बाळ खूप हलायचं. आम्ही दोघं श्वास धरून बघत राहायचो.

बंटी झाल्यावर मी यावर मिळेल ते वाचलं. १९९८ साली चीनच्या जियांगशी प्रांतातला एक अभ्यास छापून आला होता. पहिलटकरणी २६०, सगळ्यांची बाळं बूड खाली. निम्म्यांना तेहतिसाव्या आठवड्यापासून ही धुरी दिली. पस्तिसाव्या आठवड्यात त्यांच्यातल्या १३० पैकी ९८ बाळांचं डोकं खाली आलेलं होतं. मला वाचून रडू आलं, मग माझंच काय चुकलं म्हणून. पण पुढची ओळ मी दुसऱ्या दिवशी नीट वाचली. ज्यांना धुरी दिली नव्हती, त्यांच्यातही १३० पैकी ६२ बाळं फिरली होती. काहीही न करता, जवळजवळ निम्मी! छकुले, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. त्या दिवसांत आई उशा घेत असेल तर श्रेय उशांना, रेडिओ लावत असेल तर रेडिओला. आणि फिरलं नाही, की दोष आईला.

पुढे जिनिव्हात २१२ बायकांवर तोच प्रयोग झाला. तिथे धुरी घेतलेल्यांत १८ टक्के बाळं फिरली, न घेतलेल्यांत १६. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. नंतर सगळे अभ्यास एकत्र मांडणाऱ्यांना थोडा उपयोग होत असावा असं वाटलं. गुडघे-छाती टेकण्याने फरक पडल्याचं मात्र दिसलेलं नाही. तुला करावंसं वाटलं तर डॉक्टरांना विचारून कर. जावईबापू पायाशी बसणार असतील तर धुरीही घे. पण परीक्षेला बसल्यासारखी करू नकोस. मी तशीच केली. एक दिवस चुकला तर रात्रभर झोप नाही. आणि सिझर झाल्यावर भेटायला आलेल्या एकीने ‘व्यायाम नीट केला नसशील’ म्हटलं, ते मी वर्षानुवर्षं खरं मानलं. वार खाली असते, पाणी कमी असतं, पिशवीचा आकार वेगळा असतो. पुष्कळदा तर काहीच कारण सापडत नाही.

एका गोष्टीला मात्र साफ नाही म्हण, माझं नाव सांगून. पोट चोळून बाळ फिरवणाऱ्या त्या बाईंना हात लावू देऊ नकोस. त्यांची माया खरी असेल, पण वार कुठे आहे हे त्यांच्या बोटांना दिसत नाही. जोर लागून वार सुटली, तर घरी कुणाच्या हातात काही राहत नाही.

बाळ बाहेरून हातांनी फिरवता येतं, पण ते दवाखान्यात. डॉक्टर त्याला ईसीव्ही म्हणतात. मला तेव्हा हा शब्द कुणी सांगितलाच नाही, याची खंत अजून जात नाही. पहिलटकरणीला साधारण छत्तिसाव्या आठवड्यानंतर करतात. आधी सोनोग्राफी, मग पिशवी सैल पडायचं इंजेक्शन, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष आणि शेजारी ऑपरेशनची तयारी. दोनशेत एखादीला लगेच सिझर करावं लागतं, म्हणून ती तयारी. पहिल्या खेपेला दहातल्या चार जणींचं बाळ फिरतं. दुखतं, पण थांबा म्हटलं की थांबतात. तुझा रक्तगट निगेटिव्ह आहे, तेव्हा अँटी-डीच्या इंजेक्शनचं आठवणीने विचार. तुमच्या डॉक्टर करत नसतील तर कोण करतं, हेही त्यांनाच विचार. पस्तिसावा आठवडा संपायच्या आत विचार, शेवटी नको.

आणि नाहीच फिरलं, तर बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर त्याच्या खुब्यांची सोनोग्राफी करून घ्यायची. बूड खाली करून राहिलेल्या बाळांचे खुबे कधी कधी सैल असतात. लवकर कळलं तर पट्ट्याने बरे होतात. आमच्या बंटीचं ते चालायला लागल्यावर कळलं, म्हणून तुला आजच लिहून ठेवते.

तुझ्या पणजीची गंमत ताई सांगेल कदाचित. बंटी बारशाएवढा असताना तिच्या पाठीत उसण भरली. पायाळूची लाथ लागली की उसण जाते म्हणतात ना, म्हणून ती पालथी निजली आणि मी त्याचा तो पाय, माझ्या अंगठ्याएवढा, तिच्या पाठीला टेकवला. ती किती वेळ तशीच पडून होती, डोळे मिटून.

गुरुवारी तुझी तपासणी आहे. मी पहाटेच्या एसटीने निघते, नऊपर्यंत साताऱ्याला पोचेन. आत तुझ्याबरोबर मी येईन, ताईला बाहेर बसू दे.

तुझी,
मावशी