पत्र्याच्या पेट्या : विस्थापन, स्मरण आणि मांडणशिल्प

नांदेडजवळच्या विष्णुपुरी येथील विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव मिळाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाची स्मृती अशा रीतीने या परिसराच्या नावातच वसली आहे. परंतु मुक्ती जितकी उच्चारली जाते, तितके विस्थापन उच्चारले जात नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भयाने अनेक कुटुंबांनी सरहद्दीपलीकडे आश्रय घेतला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुस्लिम कुटुंबांच्या वाट्याला हत्या आणि परागंदा होणे आले. सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी नोंदविली, त्यांत नांदेड होते. तो अहवाल मात्र कित्येक दशके अप्रकाशित राहिला. अशा दुहेरी स्मृतीला कलेत कोणते रूप मिळू शकेल, हा प्रश्न नलिनी मालानी यांच्या मांडणशिल्पाचा विचार करताना या भूमीत निकडीचा होतो.

मालानी यांचा जन्म १९४६ मध्ये कराचीत झाला. फाळणीनंतर कुटुंब कलकत्त्याला व पुढे मुंबईला आले. घर सुटले तेव्हा त्या तान्ह्या होत्या. त्यामुळे त्यांच्यापाशी असलेले निर्वासन हे आठवलेले नव्हे, तर घरात ऐकलेले आहे. ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ (१९९८) ही कृती सआदत हसन मंटो यांच्या कथेला आणि त्याच वर्षीच्या पोखरणच्या अणुचाचण्यांना एकत्र आणते. दालनात पत्र्याच्या बारा पेट्या उघड्या ठेवलेल्या असतात आणि त्यांत चित्रफिती चालू असतात. पेटीतले दृश्य पाहण्यासाठी प्रेक्षकाला वाकावे लागते. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एका साडीची घडी घालू पाहतात. मधल्या अंतरामुळे ती जमत नाही. त्या अंतरातच प्रेक्षक वावरत असतो.

कलेने जखम भरून येते, असे विरेचनाच्या परिभाषेत सहज म्हटले जाते. ही कृती तसे आश्वासन देत नाही. साडीची घडी शेवटपर्यंत होत नाही. तरीही तीत एक दिलासा आहे. एका कुटुंबाने जपलेले दुःख अनोळखी माणसांच्या मध्ये मांडले जाते आणि त्याचा भार एकट्याचा उरत नाही. शिवाय मांडणशिल्प हे मोडून, बांधून, दुसरीकडे नव्याने मांडावे लागते. विस्थापिताच्या संसाराची रीतही हीच असते. व्यक्तीचे सावरणे म्हणजे विसरणे नव्हे, तर पुन्हा मांडता येणे, ही जाण येथे आशयाइतकीच माध्यमातूनही येते.

गोदाकाठच्या काही घरांत सरहद्दीवरच्या दिवसांची आठवण अभिमानाने सांगितली जाते, तर काही घरांत पोलीस कारवाईचा उल्लेखही टाळला जातो. या दोन्ही घरांच्या पेट्या एकाच दालनात आणायच्या, तर कोणाचे दुःख मोठे हा वाद कलावंताला बाहेर ठेवता येणार नाही. त्याला दोन्ही पेट्या उघड्या ठेवाव्या लागतील, आणि प्रेक्षकाला दोहोंपुढे वाकावे लागेल.